इंग्रजी चांदीची तपकिरीची डबी: ओळखायची कशी आणि किंमत करायची कशी

जुनी इंग्रजी तपकिरीची डबी हातात आली की नवखा माणूस आधी झाकण उघडून ठसे, म्हणजे चांदी तपासल्याच्या खुणा, शोधतो, मोबाइलवर अक्षरांचा तक्ता काढतो आणि साल सापडले की खूश होतो. जाणकार ठसे शेवटी बघतो. आधी आकार, मग बिजागरी, मग झाकणावरचे काम, मग आतला सोन्याचा मुलामा. एवढ्यावरून डबी कुठल्या काळातली असावी याचा अंदाज बांधायचा आणि मगच ठशांकडे वळायचे. ठशांनी त्या अंदाजाला दुजोरा दिला तर ठीक; नाही दिला तर कुठेतरी गडबड आहे. ठसा बनावट मारता येतो, खरा ठसा एका वस्तूतून कापून दुसरीत बसवता येतो. पण 1810 च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या कारागिराने बसवलेली बिजागरी सहसा कुणाला नक्कल करता येत नाही. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

थोडी पार्श्वभूमी. 1702 मध्ये अ‍ॅडमिरल रूकच्या ताफ्याने स्पेनच्या किनाऱ्यावर तपकिरीचा मोठा साठा लुटून इंग्लंडात आणला आणि तो स्वस्तात विकला गेला. तिथून तपकीर दरबारापासून खलाशांपर्यंत पोचली. चांदीच्या डब्या अठराव्या शतकभर बनल्या, पण आज बाजारात फिरणाऱ्या बहुतेक डब्या साधारण 1790 ते 1850 या काळातल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा बर्मिंगहॅमच्या. कारखानदार मॅथ्यू बोल्टनच्या खटपटीमुळे 1773 मध्ये तिथे चांदी तपासून ठसा देणारी कचेरी सुरू झाली आणि छोट्या चांदीकामाचा धंदा त्या गावात एकवटला. नवख्याने सुरुवात याच डब्यांपासून करावी. माल भरपूर, नोंदी भरपूर, तुलना सोपी.

हाताशी काय ठेवायचे

दहापट मोठे दाखवणारे सोनाराचे भिंग, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, मिलिमीटरची पट्टी आणि एक लहान टॉर्च. बस्स. आम्लाची बाटली घेऊ नका. सराफाकडे डबी नेलीत तर तो सवयीने कसोटीच्या दगडावर घासू पाहील. त्याला आधीच थांबवा. घासलेली कड पुन्हा भरून येत नाही. टंच काढायचाच असेल तर एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या, यंत्रावर काढा, त्यात वस्तूला ओरखडा जात नाही. मात्र हे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचते. आतल्या मुलाम्यावर धरले तर सोने दाखवेल, मुलामा दिलेल्या तांब्यावर धरले तर चांदी दाखवेल, आणि डाखाच्या, म्हणजे सांधा जोडल्याच्या, जागी धरले तर टंच कमी दाखवेल. तीन-चार ठिकाणी, शक्यतो झिजलेल्या कोपऱ्यावर, धरायला सांगा. 92.5 च्या आसपास आकडा आला म्हणजे चांदी ठीक आहे, एवढेच सिद्ध झाले. डबी जुनी आहे हे नव्हे.

आधी ती तपकिरीचीच आहे का ते ठरवा

छोट्या चांदीच्या डब्यांचे बरेच प्रकार आहेत आणि विक्रेते सर्रास सगळ्यांना तपकिरीची डबी म्हणतात.

खिशातली तपकिरीची डबी साधारण 6 ते 8 सेंटीमीटर लांब असते. झाकण बिजागरीचे, आत सोन्याचा मुलामा, आणि झाकण बंद केले की फट राहत नाही. तपकीर पिठीसारखी बारीक असते. झाकण सैल असेल तर ती कोटाच्या खिशात सांडणार. मेजावर ठेवून पाहुण्यांपुढे फिरवायची डबी याहून मोठी, 9-10 सेंटीमीटर किंवा जास्त, आणि हाताला चांगली जड.

व्हिनेग्रेट म्हणजे सुवासिक व्हिनेगरचा स्पंज ठेवायची डबी. ती बहुधा 3-4 सेंटीमीटरचीच असते आणि आत मुलामा दिलेली जाळीची दुसरी झडप असते. जाळी तुटली की व्हिनेग्रेटची किंमत पडते, मग जाळीचे उरलेसुरले काढून तिला ‘लहान तपकिरीची डबी’ म्हणून खपवतात. आतल्या बाजूला मुख्य बिजागरीच्या जवळ टॉर्च मारून बघा: जाळीच्या बिजागरीचे कापलेले ठुंब किंवा डाखाचे ठिपके दिसतात.

काडेपेटीच्या चांदीच्या डबीला तळाला किंवा कडेला काडी ओढायची खरखरीत पट्टी असते. या डब्या प्रामुख्याने 1880 नंतरच्या. पट्टी घासून गुळगुळीत केली तरी त्या कडेची धार बाकीच्या कडांसारखी राहत नाही. झाकणात आरसा असेल तर ती चेहऱ्यावर लावायच्या टिकल्यांची डबी असू शकते, आत खवणी असेल तर जायफळाची. अंडाकृती, पूर्ण सुटे झाकण असलेली आणि सतराव्या शतकाच्या अखेरीची डबी असेल तर ती बहुधा ओढायच्या तंबाखूची. तिची किंमत वेगळ्या हिशोबाने होते.

घडणीवरून काळ

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कवडीच्या मोठ्या शिंपल्यावर चांदीचे झाकण, कासवाच्या पाठीचे किंवा मोतीशिंपल्याचे झाकण, वळणदार बाह्याकार हे प्रकार दिसतात. यांतल्या कितीतरी डब्यांवर पूर्ण ठसे नसतात, फक्त कारागिराची खूण असते किंवा तीही नसते. नवख्याने यांच्या वाटेला एवढ्यात जाऊ नये.

1780-90 च्या दशकांत अंडाकृती किंवा लांबट, पातळ पत्र्याच्या डब्या येतात. त्यांच्यावर छिन्नीने तिरप्या, चकाकणाऱ्या छेदांचे कोरीव काम असते. 1800 नंतर चौकोनी आकार स्थिरावतो, कोपरे किंचित गोल, अंग खिशाला बसेल असे थोडे बाकदार. 1815 पासून पुढे यंत्रावर काढलेल्या बारीक लहरी-चौकड्यांचे झाकण आणि भोवती ओतीव फुलापानांची जाड किनार, अंगठ्याने झाकण उचलायला पुढे फुलांचीच पट्टी. याच वेळी मधोमध नाव कोरायला कोरी चौकट सोडायची पद्धत रूढ होते. 1830 ते 1850 या काळात झाकणावर किल्ले, वाडे आणि चर्चची उठावदार दृश्ये येतात: विंडसर, वॉरिक, केनिलवर्थ, वॉल्टर स्कॉटचे अ‍ॅबट्सफर्ड, बायरनचे न्यूस्टेड अ‍ॅबी. रेल्वे आणि पर्यटन वाढले तशी आठवणीची वस्तू म्हणून यांची चलती झाली. या प्रकारात नथॅनियल मिल्स या बर्मिंगहॅमच्या कारखानदाराचे नाव सगळ्यात वर.

बिजागरीकडे मुद्दाम लक्ष द्या. चांगल्या डबीची बिजागरी डबीच्या भिंतीत लपवलेली असते. बंद डबीच्या मागे बोट फिरवले तर जेमतेम लागते. भिंगातून बघितले की नळीचे छोटे छोटे तुकडे एकाआड एक, झाकणाचा एक आणि तळाचा एक असे बसवलेले दिसतात, सगळे एकाच मापाचे, मध्ये केसही जाणार नाही इतके घट्ट. झाकण मागे नेताना हात सोडला तरी ते वाटेत थांबते, धप्पकन पडत नाही. बाहेर डोकावणारी, दोन-तीनच मोठ्या तुकड्यांची बिजागरी सुबक नक्षीच्या डबीवर दिसली तर ती नंतर बदललेली आहे.

आता ठसे

टॉर्च तिरपी धरा, समोरून नको. बर्मिंगहॅमच्या डबीत ठशांचा पूर्ण संच एका भागात, म्हणजे तळाच्या आत किंवा झाकणाच्या आत, आणि दुसऱ्या भागात निदान एक-दोन ठसे सापडायला हवेत. झाकणावर काहीच नसेल तर झाकण मूळचे आहे का, हा पहिला प्रश्न.

पाच ठसे शोधायचे.

चालणारा सिंह, उजवा पंजा उचललेला: हजारात 925 भाग शुद्ध चांदी. हा ठसा 1544 पासून आहे. 1697 ते 1720 या काळात मात्र 958 भागांचा वरचा दर्जा सक्तीचा होता आणि तेव्हा सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया (ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्री) आणि सिंहाचे तुटलेल्या मानेचे डोके मारत. 1720 नंतर तो दर्जा ऐच्छिक झाला.

गावाचा ठसा: लंडनला बिबट्याचे डोके, बर्मिंगहॅमला जहाजाचा नांगर, शेफील्डला मुकुट, चेस्टरला तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या, एक्झिटरला तीन बुरुजांचा किल्ला, एडिनबरोला किल्ला.

सालाचे अक्षर: खाली त्यावर सविस्तर.

राजाचे डोके: हा कर भरल्याचा ठसा, 1784 च्या डिसेंबरपासून 1890 पर्यंत. पहिली दीड वर्षे ते डोके खोलगट आणि डावीकडे बघणारे आहे, मग उठावाचे आणि उजवीकडे बघणारे. तिसरा जॉर्ज, चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम उजवीकडे बघतात, व्हिक्टोरिया डावीकडे. राजा वारला म्हणून दुसऱ्या दिवशी ठसा बदलला नाही. जुने डोके वर्षभर किंवा जास्तही चालू राहिलेले दिसते.

कारागिराची खूण: नावाच्या आणि आडनावाच्या आद्याक्षरांची. जोसेफ किंवा जॉन असेल तर ‘जे’ऐवजी ‘आय’ मारलेला असतो, त्यामुळे जोसेफ टेलरची खूण ‘आय टी’ आणि जोसेफ विल्मोरची ‘आय डब्ल्यू’ अशी वाचायची. सॅम्युएल पेम्बर्टन ‘एस पी’, मॅथ्यू लिनवुड ‘एम एल’, नथॅनियल मिल्स ‘एन एम’, एडवर्ड स्मिथ ‘ई एस’. एकाच आद्याक्षरांचे अनेक कारागीर होते, म्हणून अक्षरांबरोबर चौकटीचा आकारही जुळवा: आयत आहे, कोपरे गोल आहेत, मध्ये ठिपका आहे का.

सालाच्या अक्षरात सगळ्यांची गाडी अडते. लंडन तेव्हा 20 अक्षरांचे चक्र वापरत असे, ‘ए’ ते ‘यू’, ‘जे’ वगळून. बर्मिंगहॅमचे चक्र 25 किंवा 26 अक्षरांचे होते. चक्र संपले की अक्षराचे वळण आणि चौकट बदलते. म्हणजे ‘ए’ दिसला एवढ्याने भागत नाही. लंडनमध्ये लहान लिपीतला साधा ‘ए’ 1776 चाही आहे आणि 1816 चाही. फरक राजाच्या डोक्याने कळतो: 1776 ला कराचा ठसा सुरूच झाला नव्हता. डोके आहे तर 1816, नाही तर 1776. बर्मिंगहॅमचा लहान ‘ए’ 1798 चा, पण तिथे बिबट्याच्या जागी नांगर. आणखी एक खूण: लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावर 1821 पर्यंत मुकुट होता, नंतर काढला, त्याच वेळी आपल्याकडे तोंड करून बघणारा सिंह चालण्याच्या दिशेने बघू लागला. लंडनची मुकुट नसलेला बिबट्या असलेली डबी कुणी ‘जॉर्जियन, 1805’ म्हणून दाखवली तर नम्रपणे खाली ठेवा.

अक्षर जानेवारीत बदलत नसे. लंडनला मे अखेर, बर्मिंगहॅमला जुलैत. म्हणून साल नेहमी जोडून लिहायचे: 1816-17.

एक उदाहरण सोडवू. 7.5 सेंटीमीटरची चौकोनी डबी, झाकणावर यंत्राची चौकडी, फुलांची किनार. तळाच्या आत नांगर, सिंह, गॉथिक वळणाचा मोठा ‘एन’, उजवीकडे बघणारे डोके आणि आयतात ‘एन एम’. बर्मिंगहॅमचे गॉथिक मोठ्या अक्षरांचे चक्र 1824 ला सुरू झाले. ‘जे’ वगळून मोजत आलो की ‘एन’ला 1836 येते. चौथा विल्यम तेव्हा गादीवर होता आणि तो उजवीकडेच बघतो. मिल्सचा कारखाना जोरात होता आणि ही सजावट त्याच काळची. आकार, राजा, अक्षर, कारागीर, चारही एकाच ठिकाणी येऊन मिळाले. यांतले एक जरी फटकून वागले, समजा डोके डावीकडे बघत असते, तर एक तर अक्षर चुकीचे वाचले किंवा ठसे संशयास्पद.

‘925’ असा आकडा दिसला तर ती जुनी इंग्रजी डबी नव्हे. परदेशातून येणाऱ्या चांदीवर ब्रिटनमध्ये 1904 पासून आकड्यासह आयातीचे वेगळे ठसे मारू लागले. त्याआधी 1867 पासून अशा वस्तूंवर ‘एफ’ अक्षर जोडत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या हनाऊ गावात जुन्या धाटणीच्या, बाळदेवदूत आणि खेडवळ प्रसंगांनी भरलेल्या डब्या ढिगाने बनल्या आणि त्यांवर जुन्या दिसणाऱ्या काल्पनिक खुणा मारल्या. बनावट म्हणता येत नाही, चांदीही खरी, पण अठराव्या शतकातल्या नक्कीच नव्हेत.

मुंबईत चोर बाजारात किंवा घरातल्या जुन्या पेटीत डबी निघाली तर ती भारतातच घडलेली असण्याची शक्यता लक्षात ठेवा. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि मद्रासची ऑर यांच्यासारख्या पेढ्या इथल्या साहेबांसाठी इंग्रजी घाटाचे चांदीकाम करत. त्यांच्यावर स्वतःच्या खुणा असतात, सिंह नसतो. अशा डब्यांना स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. इंग्रजी तक्त्यात त्यांचे साल शोधत बसू नका.

लबाडी कुठे होते

ठसा खरा आणि डबी खोटी, ही सगळ्यात अवघड जात. मोडक्या चमच्याच्या दांड्यातून ठशांचा तुकडा कापतात आणि डबीच्या तळात बसवतात. उपाय सोपा: ठशांवर जोरात तोंडाची वाफ सोडा. वाफ उडत असताना तुकड्याभोवतीची डाखाची रेघ क्षणभर उमटते, कारण डाखाची चांदी वेगळ्या वेगाने कोरडी होते. शिवाय चमच्यातले ठसे एका ओळीत दाटीने असतात. डबीच्या कारागिराने इतक्या दाटीने ते मागितले नसते.

ओतून केलेली नक्कल दुसरी. खऱ्या डबीचा साचा घेऊन ठशांसकट ओततात. खरा ठसा पोलादी छिन्नीने एका घावात उठतो, त्याच्या कडा धारदार आणि तळ गुळगुळीत. ओतलेल्या ठशाच्या कडा साबणासारख्या गोलसर आणि तळात सुईच्या टोकाएवढे खड्डे. शिवाय पत्र्याची डबी हलकी असते. ओतीव नक्कल आकाराच्या मानाने जड लागते.

तिसरी लबाडी नवख्यांना सगळ्यात महाग पडते. साध्या, यंत्राच्या चौकडीच्या डबीचे मधले पान कापून त्या जागी किल्ल्याचे उठावदार दृश्य बसवायचे. ठसे खरे, कारागीर खरा, साल खरे; फक्त ज्यासाठी पैसे मोजले तेच नवे. झाकण उघडून आतली बाजू बघा. दृश्य मूळचे असेल तर आतून किनारीच्या रेघेवर काही दिसायला नको. बसवलेले असेल तर त्या चौकटीच्या मापाची करड्या डाखाची रेषा किंवा तिथला मुलामा बाकीपेक्षा पिवळा आणि ताजा. बाहेरून बघताना झीज ताडून पाहा. किनारीची फुले झिजून सपाट झाली आहेत आणि किल्ल्याचे बुरूज मात्र टोकदार, असे खिशात फिरलेल्या डबीवर होत नाही.

पुसलेली नावे हा रोजचा प्रकार. मालकाची अक्षरे घासून काढली की तिथला पत्रा पातळ होतो. चौकटीवर अंगठा हलका दाबा. पत्रा आत-बाहेर कटकन वाजला तर तिथून बरीच चांदी गेली आहे. तिरप्या उजेडात तिथे उथळ खळगाही दिसतो. त्यावर पुन्हा नवे नाव कोरले असेल तर कोरीव कडा नखाला खरखरीत लागतात.

भेट दिल्याचा कोरीव मजकूर असेल तर त्यातली तारीख सालाच्या अक्षराशी ताडा. अक्षर 1829 चे आणि भेट 1832 ची, हे सहज होते, दुकानात पडून राहिलेली डबी नंतर विकली गेली. अक्षर 1829 चे आणि भेट 1824 ची, तर मजकूर कुणीतरी मागाहून कोरला आहे. जहाज, लढाई, नावाजलेला पहिलवान यांचा उल्लेख असेल तर जास्तच बारकाईने बघा, कारण अशाच मजकुराने किंमत वाढते.

तांब्यावर चांदीचा पत्रा वितळवून चिकटवायचे तंत्र शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हरने 1743 च्या सुमारास काढले आणि त्यातून सुरुवातीला बटणे आणि लहान डब्याच बनल्या. कड झिजली की तांबूस रेघ दिसते. या डब्या जुन्या आणि जमवण्याजोग्या आहेत, पण चांदीच्या म्हणून घेऊ नका. ‘ई.पी.एन.एस.’ असेल तर तो विजेने दिलेला मुलामा, जो 1840 नंतरचाच.

स्थिती, म्हणजेच बहुतेक किंमत

डबी उघडून खिडकीकडे धरा आणि चारही कोपरे बघा. दीडशे-दोनशे वर्षे खिशात घासून कोपऱ्यांना सुईएवढी भोके पडलेली असतात. उजेड आला की समजते. मग बिजागरीच्या दोन्ही टोकांना पत्रा चिरला आहे का. मग बंद करून कानाशी हलवा: खिळी सैल असेल तर वाजते.

यंत्राच्या नक्षीवर पोचा पडला असेल तर तो काढायला सांगू नका. मागून ठोकला की रेघा चपट्या होतात आणि ती जागा कायमची मेलेली दिसते. शिसे घातलेला राखाडी डाख दिसला तर किमतीतून बरीच वजावट करा. शिसे चांदीत मुरते आणि तिथे पुन्हा नीट डाख बसत नाही. आतल्या मुलाम्याला पारा वापरून केलेल्या जुन्या पद्धतीत मऊ, लिंबासारखा पिवळा रंग असतो आणि बोट लागायच्या जागी झीज असते. सगळीकडे सारखा, पितळी चमकीचा मुलामा म्हणजे नंतर विजेने दिलेला. तो असला म्हणून डबी टाकाऊ होत नाही, पण जुना मुलामा असलेल्या डबीएवढा भाव देऊ नये.

आपल्याकडे चांदी म्हटले की चिंच, राख, रांगोळी किंवा तांब्या-पितळेची पावडर निघते. यांतले काहीही या डबीला लावू नका. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि सोड्याचा उपायही नको. नक्षीच्या खोलगटातला काळेपणा जातो आणि उठाव सपाट दिसायला लागतो. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, लगेच कोरडे कापड, बिजागरीत पाणी राहू नये म्हणून उघडी ठेवून वाळवणे. एवढे पुरते. रबरबँड लावून किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. रबरातले गंधक चांदीवर काळी रेघ ओढते.

किंमत कशी करायची

वितळ भावापासून सुरू करा, म्हणजे खालची मर्यादा कळते. 84 ग्रॅमची डबी घेतली तर 84 × 0.925 म्हणजे 77.7 ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवसाच्या भावाने गुणा. इंग्रजी विक्रेते वजन ट्रॉय औंसात सांगतात, एक औंस 31.1 ग्रॅम, म्हणजे आपली डबी 2.7 औंसांची. चांगल्या डबीच्या किमतीत हा आकडा लहान वाटा असतो. तो मोठा वाटा व्हायला लागला तर डबीत गोम आहे किंवा चांदी फार चढली आहे.

मग तुलना. लिलावघरांच्या संकेतस्थळांवर जुन्या विक्रीचे निकाल फोटोंसह बघायला मिळतात. तोच कारागीर, तीच लांबी, त्याच प्रकारचे झाकण, गेल्या तीन-चार वर्षांतली विक्री, अशा निदान सहा-सात नोंदी काढा. दुकानातला लावलेला भाव मोजू नका. तो मागणी असतो, झालेला सौदा नव्हे. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची नोंद सोडून द्या.

ढोबळ अंदाज हवाच असेल तर इंग्लंडातल्या लिलावात लहान, साधी, झिजलेली बर्मिंगहॅमची डबी शंभर-दोनशे पौंडांत जाते. यंत्रनक्षीची, चांगल्या स्थितीतली, नावाजलेल्या कारागिराची तीन-पाचशेपर्यंत. मूळचे किल्ल्याचे दृश्य असलेली मोठी डबी हजाराच्या पुढे. दृश्य जितके कमी दिसणारे तितका भाव चढता. विंडसर आणि अ‍ॅबट्सफर्ड बरेच दिसतात. नवख्याला कारागिराच्या नावाचे आकर्षण फार, पण मिल्सची घासलेली डबी घेण्यापेक्षा त्याच पैशात पेम्बर्टनची किंवा लिनवुडची कोरी करकरीत डबी घेणे केव्हाही शहाणपणाचे.

लिलावातला हातोड्याचा भाव म्हणजे तुमचा खर्च नव्हे. 300 पौंडांवर हातोडा पडला, लिलावघराचे शुल्क 25 टक्के धरले तर 75, त्या शुल्कावर 20 टक्के व्हॅट म्हणजे 15, झाले 390. वर टपाल आणि विमा. विकताना उलट बाजूने कमिशन कापले जाते. म्हणजे आज घेऊन उद्या विकली तर पाव-तृतीयांश रक्कम सहज जाते, आणि हे लक्षात घेऊनच बोली लावायची. विम्यासाठीची किंमत दुकानभावाने, म्हणजे बरीच वर, लिहितात. तो कागद दाखवून कुणी तेवढे पैसे मागितले तर देऊ नका.

घेण्याआधी, देण्याआधी

लंडनमध्ये राहणाऱ्यांनी चान्सरी लेनच्या सिल्व्हर व्हॉल्ट्समध्ये चक्कर मारावी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली चांदीची दालने बघावीत आणि मुख्य म्हणजे लिलावाच्या आदल्या दिवसांत प्रदर्शनाला जावे. तिथे वस्तू हातात घेऊ देतात. वीस डब्या उघडझाक केल्या की एकविसावीची सैल बिजागरी बोटाला कळते. भारतात बसून घेणार असाल तर विक्रेत्याकडून सहा फोटो मागा: ठसे जवळून, झाकण आतून, चारही कोपरे उजेडासमोर, बिजागरी मागून, तळ, आणि डबी वजनकाट्यावर. ‘स्थितीचा अहवाल’ लेखी मागा. ब्रिटनमध्ये खोटे ठसे असलेली किंवा बेकायदा फेरफार केलेली चांदी विकणे 1973 च्या ठसा-कायद्याने गुन्हा आहे. लेखी वर्णन हाती असेल तर परत करताना बोलायला तोंड राहते.

कासवाच्या पाठीचे किंवा हस्तिदंताचे काम असलेली डबी परदेशातून मागवूच नका. वन्यजीव कायदा आणि आंतरराष्ट्रीय करार आड येतात, आणि कस्टममध्ये अडकलेली डबी सुटत नाही.

घरातली जुनी डबी लंडनच्या लिलावाला पाठवायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट आधी तपासा. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. डबी मुळात इंग्लंडात बनली, हे कारण पुरेल असे गृहीत धरू नका. कुरिअरला देण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयात फोटो आणि मापे घेऊन जा आणि जे सांगतील ते लेखी घ्या. उलट, परदेशातून डबी आणताना खरेदीची पावती, साल नमूद असलेले वर्णन आणि ठशांचे फोटो सोबत ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचे कस्टमचे शीर्षक 9706 आहे आणि ते लागू व्हायला वय दाखवावे लागते. दुकानदाराला पावतीवर ‘चांदीची डबी’ एवढेच लिहू देऊ नका. गाव, साल, कारागीर, लांबी आणि वजन पाचही लिहून घ्या.